वळणाचा धनी

दसरा उजाडला की तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत वर्षभर तीन पाळ्यांत उसंत न मिळणारी यंत्रे घटकाभर थांबतात. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तेलपाणी करून ती पुसून-घासून लख्ख केलेली असतात. सकाळी त्यांना हळदकुंकू लागते, झेंडूचा हार चढतो, फोर्कलिफ्टच्या चाकाखाली लिंबू येते आणि बॉयलरपुढे पाळीप्रमुखापासून व्यवस्थापकापर्यंत सगळे हात जोडून उभे राहतात. बोईसर स्थानकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांत, कोळगावच्या पालघर जिल्हा मुख्यालयाभोवती प्रतिज्ञापत्रे आणि अर्ज टंकून देणाऱ्यांच्या टेबलांवर, पालघरमध्ये लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे हीच पूजा लहान अंगाने होते. प्रिंटरच्या झाकणावर स्वस्तिक उमटते, की-बोर्डवर अक्षता पडतात, आणि त्यातले दोन-चार दाणे बटणांखाली शिरून दिवाळीपर्यंत कुरकुरत राहतात. ज्यावर आपले पोट चालते त्याच्यापुढे वर्षातून एकदा माथा टेकवायचा, एवढा साधा या रीतीचा अर्थ आहे आणि तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

घरोघरी याच वेळी पाटीपूजन चाललेले असते. स्थानकाच्या पुलाशी जव्हार-विक्रमगडकडून आलेल्या बायांकडून आपट्याच्या डहाळ्या आणि भाताच्या लोंब्यांचे तोरण घेऊन माणसे परततात, तोवर मुलांनी पाटीवर सरस्वती काढून ठेवलेली असते. एकाचा आकडा, त्याला जोडून पुन्हा एक, ओळीखाली ओळ, आणि बघता बघता रेघांतून देवी उभी राहते. ही आकृती पहिल्यांदा कोणी काढली, हे कुणी कुणाला विचारत नाही. आजीने आईला शिकवली, आईने लेकीला. ती सगळ्यांची आहे आणि तशीच राहावी.

पण पाटीशेजारी पूजेला मांडलेल्या छापील पुस्तकाची गोष्ट निराळी. ज्यांचे नाव पालघरच्या महाविद्यालयाला आहे, त्या सोनोपंत दांडेकरांनी संपादिलेली सार्थ ज्ञानेश्वरी इथल्या कितीतरी देवघरांत आहे. ज्ञानोबांपुढे आपण हात जोडतो, संपादकाचे नाव आदराने घेतो, प्रकाशक आणि मुद्रक यांची नावे पहिल्या पानामागे नोंदलेली असतात. ज्या अक्षरांतून ही ओवी डोळ्यांपर्यंत आली, त्यांचे वळण कोणाच्या हातचे, हे मात्र कुठेच लिहिलेले नसते. आयुधांच्या पूजेत अक्षराला आपण धरतो खरे, पण अक्षर घडवणारा त्या पूजेत नसतो. दसऱ्याच्या निमित्ताने या विसराचा हिशेब एकदा मांडायला हवा. कारण हा विसर आपल्या सवयीत आहे तसा आपल्या कायद्यातही आहे.

तारापूरच्या याच वसाहतीत कॅम्लिनचा कारखाना आहे. १९३१ साली दि. प. दांडेकरांनी घोडा छाप शाईच्या पुडीपासून सुरू केलेल्या उद्योगाचा उंट आज देशभरच्या दप्तरांत बसलेला आहे. त्या उंटाच्या चित्राला व्यापारचिन्हाचे संरक्षण असते. पेनाच्या नव्या घाटाला डिझाइनचे आणि शाईच्या नव्या मिश्रणाला पेटंटचे कवच मिळू शकते. जिल्ह्यात जरा वर सरकलो तर डहाणू-घोलवडच्या चिकूलाही भौगोलिक मानांकन आहे. (चिकूला आहे याचा आनंदच आहे, बागायतदारांनी ते कष्टाने मिळवले.) उरते ते शाईने उमटणारे अक्षर. त्याच्या नशिबी काय आहे, हे पाहण्यासाठी थोडे मागे, मुंबईत जावे लागते.

जावजी दादाजी चौधरी हा गरीब घरातला मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात हलकी कामे करता करता छपाईचे खिळे ओतण्याची कला शिकला. १८६४ मध्ये त्याने स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्याच्या जोडीला राणोजी रावजी आरू हा ठसे कोरणारा कारागीर होता. हे कोरणे म्हणजे काय, ते आज पडद्यावर अक्षरे निवडणाऱ्या आपल्याला सहज कळणार नाही. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, कानसेने आणि छिन्नीने, केसाएवढा धातू कमी-जास्त होऊ न देता. दिव्याच्या काजळीवर ते टोक काळे करून कागदावर उमटवून पाहायचे, पुन्हा कोरायचे. मनासारखे झाले की पोलाद तापवून कडक करायचे, तांब्याच्या तुकड्यावर त्याचा घाव घालून साचा करायचा, आणि त्या साच्यात शिसे, अँटिमनी नि कथील यांचा रस ओतून खिळा काढायचा. रोमन लिपीत एवढ्यात मोठी मजल मारली गेली असती. देवनागरीत त्यानंतर जोडाक्षरे उभी राहतात, अर्धी अक्षरे, रफार, काना-मात्रा, उकार, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’, ‘द्ध’ आणि ‘ह्य’. एका वळणाच्या एका मापासाठी काही शे खिळे लागत. केसरीसाठी टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला तो उगाच नव्हे. निर्णयसागराची संस्कृत आणि मराठी पुस्तके देशभर गेली, काशीच्या पंडितांनी त्यांच्या पाठाइतकीच त्यांच्या छपाईवर भिस्त ठेवली, आणि त्या घाटाला ‘निर्णयसागरी’ वळण म्हणू लागले. म्हणजे नाव छापखान्याचे राहिले. राणोजींचे नाव बापूराव नाईकांसारख्या मुद्रणपंडितांनी लिहून ठेवले म्हणून निदान अभ्यासकांपर्यंत पोचले.

चोरी तेव्हाही होतीच. एखाद्या फाउंड्रीचा चांगला खिळा विकत घ्यायचा, विजेच्या साहाय्याने त्यावर तांब्याचा थर चढवून आयता साचा मिळवायचा आणि वर्षांची मेहनत काही दिवसांत पदरात पाडून घ्यायची, ही युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या जगभरच्या फाउंड्र्यांना ठाऊक होती. तरी त्यासाठी भट्टी लागे, धातू लागे, जाणकार माणूस लागे. आज पेनड्राइव्ह पुरतो. फॉन्टची एक फाइल या दुकानातून त्या दुकानात, तिथून फ्लेक्सवाल्याकडे, तिथून वाढदिवसाच्या फलकावर, एका दुपारीत जाते. देणाऱ्याला आपण काही दिले असे वाटत नाही, घेणाऱ्याला काही घेतले असे वाटत नाही. मालकाच्या तिजोरीतले शंभर रुपये उचलताना ज्याचा हात थरथरेल असा सरळ माणूस दुसऱ्याचे पाच वर्षांचे काम निर्धास्त ‘पेस्ट’ करतो. दुष्टपणा त्यात नसतोच. अक्षर सगळ्यांचेच, ही पाटीवरच्या सरस्वतीची समजूत तो अजाणता फॉन्टलाही लावतो, एवढेच.

आणि कायदा त्याला फारसे अडवत नाही. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात चित्र, शिल्प, आराखडा अशा कलाकृतींना संरक्षण आहे. कलावंताच्या हयातीत आणि त्याच्या मागे ६० वर्षे. एखाद्या अक्षरवळणाचा समावेश या कलाकृतींत होतो का, हा प्रश्न ‘आनंद एक्स्पांडेड इटॅलिक्स’ नावाच्या वळणाच्या निमित्ताने कॉपीराइट मंडळापुढे आला, तेव्हा २००२ साली मंडळाने नकारार्थी उत्तर दिले. दुसरी वाट २००० सालच्या डिझाइन कायद्याची. तिथे नोंदणी केली तर १० वर्षे आणि पुढे आणखी ५ वर्षे हक्क राहतो. पण नोंदणीआधी वळण जगापुढे आलेले चालत नाही, आणि हा कायदा बोलतो तो वस्तूला दिलेल्या रूपाविषयी. शिशाचा खिळा ही वस्तू होती, हातात घेता येई. पडद्यावर उमटून विरणाऱ्या अक्षराची वस्तू कोणती मानायची? त्यात कॉपीराइट कायद्याच्या पंधराव्या कलमाची मेख आहे. जे डिझाइन म्हणून नोंदवता आले असते पण नोंदवले नाही, ते औद्योगिक रीतीने पन्नासाहून अधिक वेळा वस्तूंवर उतरले की त्यातला कॉपीराइट संपतो. पन्नास ही संख्या साडीच्या नक्षीला मोठी असेल. अक्षराला ती लग्नपत्रिकेच्या पहिल्या गठ्ठ्यातच पार होते. राहता राहतो तो संगणकाचा भाग. फॉन्टची फाइल हा एक प्रोग्रॅम आहे असे मानून त्या संकेतावलीला कॉपीराइट मिळू शकतो. पण ती फाइल न उचलता कोणी तीच वळणे पुन्हा रेखून काढली, तर मूळ रेखाटणाऱ्याच्या हाती फार थोडे उरते. म्हणजे कोंदणाला कुलूप आहे, हिरा उघड्यावर.

या बाबतीत आपण एकटे मागासलेले आहोत असे मात्र समजू नये. अमेरिकेत डिझाइनसाठी दिलेले पहिलेवहिले पेटंट, १८४२ सालचे, जॉर्ज ब्रूस नावाच्या मुद्रकाच्या टाइपलाच होते. त्याच अमेरिकेत १९७८ साली हेरमान झाप्फ या थोर जर्मन अक्षरकाराने रेखलेल्या वळणाला न्यायालयाने कॉपीराइट नाकारला, आणि तिथली स्थिती आजही मुळात तीच आहे. झाप्फच्या ‘पॅलाटिनो’शी विलक्षण साधर्म्य असलेले दुसरे एक वळण पुढे कोट्यवधी संगणकांवर जाऊन बसले, निषेध म्हणून त्याने अक्षरकारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा राजीनामा दिला. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००० साली, उपयोगासाठी घडवलेल्या अक्षरांत स्वतंत्र कलाकृतीला साजेसे वेगळेपण असल्याखेरीज हक्क नाही, असाच कौल दिला. जर्मनीने १९८१ साली खास कायदा करून २५ वर्षांपर्यंतच्या संरक्षणाची सोय केली. त्याआधी १९७३ च्या जूनमध्ये व्हिएन्नात पुष्कळ देश एकत्र जमले, अक्षरवळणांच्या रक्षणाचा करार लिहिला गेला, सह्या झाल्या. तो अमलात यायला पाच देशांची अंतिम मान्यता हवी होती. पन्नास वर्षे उलटली, तेवढी जमली नाही.

जगभरचे कायदे इथे अडखळतात त्याला कारण आहे, आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. अक्षराला धनी दिला तर त्या अक्षरात छापलेल्या मजकुराचे काय? कोणी ‘क’ च्या वाटोळ्यावर हक्क सांगितला म्हणून गावच्या साप्ताहिकाने अंक थांबवायचा का, शाळेने प्रश्नपत्रिका छापताना परवानगी मागायची का? भाषा वापरण्याची वाट अडवणारा कायदा कोणत्याही समाजाला परवडणार नाही, मराठीसारख्या साधने तोकडी असलेल्या भाषेला तर नाहीच. पण या अडचणीतून वाट निघते, आणि आमच्या मते सर्वांत शहाणी वाट ब्रिटनने १९८८ च्या कायद्यात काढली. तिथे अक्षरवळणाला कलाकृती मानले आहे. मात्र नेहमीच्या टंकनात, जुळणीत, छपाईत ते वापरणाऱ्याला कायदा हात लावत नाही. त्याची नजर आहे ती त्या वळणाची साधने बनवून विकणाऱ्यावर, आणि तीही ती साधने बाजारात आल्यापासून २५ वर्षेच. पुढे वळण सगळ्यांचे. लिहिणारा मोकळा, छापणारा मोकळा, वाचणारा तर मोकळाच. जाब द्यायचा तो नक्कल करून धंदा मांडणाऱ्याने. आपल्या कायद्यात एवढे एक कलम घालायला कोणती आडकाठी आहे, हे दिल्लीतल्या संबंधितांनी सांगावे. घटनेच्या आठव्या परिशिष्टात २२ भाषा आणि त्यांच्या इतक्या लिप्या वागवणाऱ्या देशाला हा प्रश्न इंग्लंडपेक्षा अधिक जवळचा असायला हवा होता.

सामायिक वारसा आणि एका हाताची निर्मिती यांची सीमा कुठे आखायची, हा पेच आपल्या जिल्ह्याला काही नवा नाही. वारली चित्रांत तो रोज दिसतो. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण म्हणजे माणूस, तारप्याभोवती फिरणारे वेटोळे म्हणजे नाच, तांदळाच्या पिठाने सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर काढलेला लग्नाचा चौक आणि त्यात पालघाट देवी. या खुणा कोणा एकाच्या नाहीत. पण गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या खुणा भिंतीवरून कागदावर आणल्या, मासेमारीच्या जाळ्याचा एकेक फास मोजावा इतक्या बारीक रेषेने, आणि ते चित्र त्यांचे झाले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते समाजाच्या नावाचे रक्षण करते. मशे यांच्या कागदावरच्या चित्राचे रक्षण कॉपीराइट करतो. समाजाचे समाजाकडे, हाताचे हाताकडे. कुर्त्यांवर आणि चहाच्या कपांवर छापले जाणारे त्रिकोण पाहता या दोन्ही हक्कांची अंमलबजावणी किती होते, हा वेगळा आणि कडू विषय आहे; पण निदान कायद्याने भेद ओळखला आहे. देवनागरी ही आपल्या सगळ्यांची आणि तिचे अमुक एक वळण अमुक एकाच्या हातचे, एवढाच भेद अक्षरांच्या बाबतीतही ओळखायचा आहे.

हे हात मराठी मुलखात थोडे नाहीत. र. कृ. जोशी यांनी सुलेखनाचा व्यासंग संगणकापर्यंत नेला. विंडोजवर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ज्या ‘मंगल’ फॉन्टमध्ये कधी ना कधी टंकले, तो त्यांच्या हातचा, आणि ‘रघु’ हा फॉन्ट तर त्यांनी सर्वांसाठी खुला केला. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतली नावे अशी लिहिली की नाटक विसरले तरी नावाचे अक्षर डोळ्यांपुढे राहावे. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या गटाने ‘मुक्त’ आणि ‘बालू’सारखे फॉन्ट खुल्या परवान्याखाली दिले, वापरा, बदला, वाटा, पण परवाना आणि मूळ हक्काची नोंद पुसू नका, ही त्यातली एक अट. खुले म्हणजे बेवारस, असा समज आपल्याकडे पक्का आहे, त्याला ही अट चांगले उत्तर आहे. आणि जे फॉन्ट विकत घ्यायचे आहेत त्यांचे मोल चुकते करावे, हेही तितकेच साधे. कारण कोणी पैसे मोजलेच नाहीत तर पुढचे वळण घडवायला कोणी बसणार नाही, आणि मग मराठीचा पाकळीचा ‘ल’ नि देठाचा ‘श’ आपल्याला हिंदीसाठी केलेल्या फॉन्टमध्ये हुडकत बसावे लागेल. राज्य सरकारने २००९ च्या निर्णयाने हे आकार प्रमाण ठरवले. सरकारी निर्णयाने आकार ठरतो. तो देखणा रेखायला माणूसच लागतो.

सरकारची अक्षरांवर माया आहे, यात शंका नाही. २०२२ च्या दुरुस्तीने राज्यातल्या प्रत्येक दुकानाला मराठी पाटी सक्तीची झाली, पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी मुदतही घालून दिली. बोईसरमध्ये, जिथे कामगारवस्तीत अर्ध्या देशाच्या बोली ऐकू येतात, त्या पाट्या आता ठळक दिसतात आणि ते योग्यच आहे. मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नको, असे कायदा सांगतो. अक्षराच्या मापाची इतकी काळजी घेणाऱ्या राज्याने त्याच्या कर्त्याचीही थोडी घ्यावी. शासनाच्या पाठ्यपुस्तकांत आणि प्रकाशनांत वापरलेल्या फॉन्टचे आणि तो घडवणाऱ्याचे नाव छापायचे, एवढा नियम करायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

आपणही पाहू नये. दसऱ्यानंतर वीस दिवसांनी दिवाळी. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घरात फराळाच्या ताटाशेजारी अंक असतोच, आणि या जिल्ह्यातही लहानमोठी मंडळे, महाविद्यालये, कामगार संघटना आपापले अंक काढतात. त्यांच्या श्रेयपानावर संपादक, मुखपृष्ठाचा चित्रकार, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मांडणी, मुद्रणस्थळ अशा सगळ्यांना जागा असते. जाहिरातदारांचे आभार तर ठळक अक्षरांत असतात. मजकुराचा फॉन्ट कोणता आणि तो कोणाचा, ही ओळ तिथे सहसा नसते. ती घालायला खर्च नाही. फॉन्टच्या फाइलमध्ये कर्त्याचे नाव आणि परवाना बहुधा लिहिलेला असतो, माहितीची खिडकी उघडली की दिसतो. आणि तो परवाना आपण घेतलेलाच नाही असे तिथे लक्षात आले, तर घेण्याचीही हीच वेळ. अंकांची पाने सध्या लागत आहेत, मुद्रिते तपासली जात आहेत. श्रेयपान सगळ्यात शेवटी लागते, म्हणजे अजून आठवडाभर तरी हाताशी आहे.